बाई क आणि पाच चष्मे

६ मार्च

खारूताई,

हातात चहाचा कप असेल तर आधी खाली ठेव. तुझी आई अभ्यासक्रमात आली आहे!

हसू नकोस. चौथीतून शाळा सुटलेली तुझी आई आता कॉलेजात शिकवली जाणार आहे, फळ्यावर, खडूने. आता फळा नसतो म्हणे, पडद्यावर दिसतं सगळं. म्हणजे मी पडद्यावर! तुझे बाबा असते तर म्हणाले असते, "तिकीट लावा, मी रांगेत पहिला."

पण सगळं सुरुवातीपासून सांगते. फोनवर मी काही सांगायला लागले की तू "बरं आई, ठेवते" म्हणतेस. कागद तसं म्हणत नाही. हे लिहून झालं की खालच्या लाँड्रीतली सूनबाई पानांचे फोटो काढून तुला पाठवेल. ती वाचत नाही, असं ती म्हणते. मागच्या वेळी मला विचारत होती, "तुमच्या लेकीचा गुडघा कसा आहे आता?" गुडघ्याचं मी फक्त पत्रात लिहिलं होतं. तेव्हा सूनबाई, तुलाही नमस्कार, आणि माझ्या पांढऱ्या चादरीवर निळा डाग कुणी पाडला तेही बघ.

तर तुझी लेक, टिटवी. तिच्या मानसशास्त्राच्या मास्तरीणबाईंनी सांगितलं आहे की ओळखीचं एक माणूस घ्यायचं, त्याची एक सवय घ्यायची, आणि पाच वेगवेगळ्या चष्म्यांतून ती बघायची. नाव सांगायचं नाही. मग सगळ्यांसमोर उभं राहून बोलायचं, चोवीस तारखेला. टिटवी गॅलरीत कपडे वाळत घालता घालता पाठ करते. मी आत शेंगा सोलत ऐकते. कान देऊन नाही, पण कान काही काढून ठेवता येत नाहीत.

तिच्या माणसाचं नाव "बाई क". आणि बाई कची सवय काय, तर घरचं कुणीही बाहेर गेलं की ती विचारते, "पोचलीस का?" कोपऱ्यावर गेलं तरी विचारते. उत्तर येईपर्यंत तिला घास गिळत नाही.

मी लगेच ओळखलं. आणखी कोण असणार? पाळणाघरात कामाला होते तेव्हा मुलं घरी गेली की मी त्यांच्या आयांना फोन करून विचारायची, तिथल्या मोठ्या बाई ओरडायच्या मला. आणि या घरात सध्या हे वाक्य दिवसभर चालूच असतं. टिटवी तर माझ्यापेक्षा वरचढ झाली आहे. काल मी समोर दूध आणायला गेले, रस्ता ओलांडते आहे तोवर फोन, "आजी, पोचलीस का?" दूधवाला म्हणाला, "आजी, फोन घ्या नाहीतर दूध घ्या, दोन्ही हातांत पिशव्या आहेत."

चष्म्यांचं सांगते. पहिला चष्मा म्हणतो की माणसाच्या मनाला तळघर असतं. त्याला म्हणतात नेणीव. काय शब्द आहे गं! जाणीव मला ठाऊक होती, पण तिला बहीण आहे हे आत्ता कळलं. जे आपल्याला माहीत असतं पण माहीत आहे हे माहीत नसतं, ते तिथं राहतं. ते सरळ वर येत नाही, वेश बदलून येतं. स्वप्नात येतं, नाहीतर जीभ घसरते तेव्हा येतं. मी टिटवीला दिवसातून कितीदा तरी "खारे" म्हणून हाक मारते. मला वाटायचं वय झालं. ती म्हणाली, "वय नाही आजी, नेणीव." तेव्हापासून दूध उतू गेलं तरी मी नेणिवेवर ढकलते.

त्याच चष्म्यात तिघं जण आहेत, इदम्, अहम् आणि पराहम्. मी म्हटलं, अगं हे तर आमचं पाळणाघर. इदम् म्हणजे दोन वर्षांचं कुठलंही पोर, "मला आत्ताच पाहिजे!" पराहम् म्हणजे मोठ्या बाई, "शिस्त!" आणि अहम् म्हणजे मी, एका हाताने पोराचं नाक पुसते आहे आणि दुसऱ्याने मोठ्या बाईंच्या वहीत सही करते आहे. टिटवी इतकी हसली की तिच्या हातातला टॉवेल खाली लाँड्रीच्या छपरावर गेला. हे ती मास्तरीणबाईंना सांगणार आहे. मी म्हटलं, नाव घालू नकोस, मोठ्या बाई अजून जिवंत आहेत.

दुसरा चष्मा आत बघतच नाही. तो म्हणतो, आत काय आहे ते सोडा, माणूस करतो काय ते बघा. एका कुत्र्याला घंटा वाजवून खायला द्यायचे, मग नुसती घंटा वाजली तरी त्याच्या तोंडाला पाणी. आमच्याकडे मी किल्ल्यांचा जुडगा हलवला की अख्खी रांग मोरीकडे पळायची. तर बाई क विचारते, समोरून "पोचले" येतं, जीव भांड्यात पडतो, बरं वाटतं. बरं वाटलं म्हणून पुन्हा विचारते. तेवढंच.

तिसरा म्हणतो, विचार तपासा. "उशीर झाला" आणि "काहीतरी झालं" यांच्यामध्ये रस्ता आहे, बाई क तो न चालता उडी मारते. चौथा चष्मा मला सगळ्यात आवडला. तो कुणाला आजारीच म्हणत नाही. तो म्हणतो, माणसाला आहे तसं कुणीतरी आपलं म्हटलं की ते आपोआप वाढतं, खिडकीतल्या झाडासारखं. पाचवा आठवत नाही. आठवला की सांगते.

आता खरं सांगते, का लिहिते आहे. तुम्ही दोघी बोलत नाही यावर मी काही बोलणार नाही, असं मी ठरवलं आहे. ती माझ्याकडे राहायला आली तेव्हापासून ठरवलं आहे. फक्त एवढंच, की सादरीकरण झालं की त्या रविवारी ती निघते. दुसऱ्या शहरातल्या इस्पितळात शिकायला. मग मी मध्ये नसेन. आत्ता निदान मी तिला तुझं सांगते आणि तुला तिचं. ती तिकडे एकटी आणि तू तिथे परदेशात एकटी, मग तुमच्यातला रस्ताच बुजेल. त्याच्या आत एकदा बोल तिच्याशी.

पाचवा आठवला! शरीर. सगळं रक्तात आणि मेंदूत असतं म्हणे, आणि घराण्यातून येतं. तो तुझा चष्मा, खारूताई. तुझ्या रक्ततपासणीच्या लॅबमधला.

तुझी,
अभ्यासक्रमातली आई


१३ मार्च

खारूताई,

तुझं उत्तर लाँड्रीतल्या सूनबाईने वाचून दाखवलं. वाचता वाचता तिचा आवाज बारीक होत गेला, शेवटी म्हणाली, "आजी, पुढचं तुम्हीच वाचा, मला इस्त्री लावायची आहे." इस्त्री बंद होती.

तू म्हणतेस की ती बाई क मी नाही. ती बाई तू.

अगं, मला कसं कळणार? तुमचं भांडण झालं तेव्हा मी तिथे होते का? मला एवढंच माहीत होतं, की तिने लॅबचा कोर्स अर्धा सोडला आणि तू तिला म्हणालीस, "मन कुठल्या बाटलीत काढता येतं ते दाखव, मी तपासून देते." ते टिटवीने सांगितलं होतं. पण तिने तुला काय म्हटलं ते तिने सांगितलं नाही, आणि तूही आत्तापर्यंत नाही. "मला पुन्हा कधी पोचलीस का म्हणून विचारू नकोस. मी तुझं पार्सल नाही." असं म्हणाली ती? आणि तू त्या दिवसापासून खरंच विचारलं नाहीस. ती माझ्याकडे आली त्या दिवशीसुद्धा नाही. मला आठवतं, त्या दिवशी तू मला फोन केलास आणि माझ्या खोकल्याबद्दल खूप वेळ बोललीस. मला खोकला नव्हता.

दोघी एका मातीच्या. मी कुणाच्या बाजूची नाही. हे लिहिताना मी मध्ये बसले आहे, खुर्चीसुद्धा मध्ये ओढली आहे.

आता तू म्हणतेस, "माझ्या लेकीने माझी काचपट्टी केली, भिंगाखाली ठेवली, वर्गाला दाखवणार. मी मास्तरीणबाईंना लिहून हे थांबवते." खारे, ऐक. ते लिहू नकोस. तू लिहिलंस तर ते थांबेल, हे मला समजतं. पण मग तुमच्यात जे चाललं आहे ते कधीच थांबणार नाही, हे तूही समजून घे. तिचं इस्पितळात शिकायला जाणं त्या सादरीकरणावर आहे, ते सोड. तिला वाटेल की आईने दुसऱ्यांदा तेच म्हटलं, बाटली दाखव.

आणि हे सगळं माझ्या तोंडाळपणामुळे. मी आनंदात होते गं. मला वाटलं मीच ती.

मी तिला काही विचारलं नाही. म्हणजे एकदाच विचारलं. ती केस विंचरत होती. मी म्हटलं, "टिटवे, ही बाई क म्हणजे कोण?"

"ते गुप्त असतं आजी."

"मी तर नाही ना?"

"तुला व्हायचंय का?"

"ठेवलंस तर माझी हरकत नाही. फक्त वय कमी सांग."

हसली. मग आरशातूनच विचारलं, "आजी, हे 'पोचलीस का' आपल्याकडे आलं कुठून?"

मी तिला बाबांचं सांगितलं. रागावू नकोस. पहिल्या चष्म्यासाठी लहानपण लागतं, आणि तुझं लहानपण माझ्याकडेच तर आहे. मी सांगितलं, की तिचे आजोबा लांब पल्ल्याची बस चालवायचे, आणि ते यायच्या वेळेला तू खिडकीपाशी स्टुलावर उभी. गालात बिस्किट कोंबलेलं, म्हणून तर खारूताई. ते दारात येऊन बूट काढायला लागले तरी तुझं सुरू, "बाबा, पोचलास का?" आणि ते एवढं मोठं धूड समोर उभं असून म्हणायचे, "नाही, अजून वाटेत आहे." मग एका बुटाने जेवणाच्या टेबलाला फेरी मारायचे, तोंडाने भोंगा वाजवत. फेरी संपली की तुला उचलायचे. "आत्ता पोचलो."

टिटवी विंचरायची थांबली. म्हणाली, "आईने मला हे कधीच सांगितलं नाही."

मी म्हटलं, "तू तिला कधी विचारलंस?"

त्यावर ती म्हणाली, "तिच्याकडे आत्ता सकाळचे सात वाजले असतील. निघाली असेल कामाला." मी काही विचारलंच नव्हतं वेळेबद्दल. तिच्या फोनवर दोन घड्याळं असतात, एक आपलं आणि एक तुझ्याकडचं. मी मागे विचारलं होतं तर म्हणाली, अभ्यासाला लागतं. कुठल्या अभ्यासाला तुझी वेळ लागते ते माझ्या चौथीच्या डोक्याला काही समजत नाही.

सादरीकरणाला घरच्यांना येऊ देतात. मी जाणार आहे. तू येऊ शकत नाहीस, विमानाचं माहीत आहे मला. मी तुझे कान घेऊन जाते. ती तुझ्याबद्दल वाईट एक शब्द बोलली तर मी तिथेच उभी राहीन आणि म्हणेन, "बाई क माझी लेक आहे, सांभाळून!" शपथ. पण तोवर लिहू नकोस. चोवीसपर्यंत थांब. माझ्यासाठी थांब.

तुझी आई,
खुर्ची मध्येच आहे


२४ मार्च, संध्याकाळ

खारूताई,

तू लिहिलं नाहीस. मास्तरीणबाई माझ्याशी इतक्या गोड बोलल्या की मला कळलं. देव तुझं भलं करो.

आता बस. चप्पल काढून बस.

मोठा हॉल होता. खुर्च्यांना बाजूने एक फळी असते, लिहायला. माझी पिशवी तिच्यात अडकली आणि मला वाटलं मी आता परीक्षा देऊनच बाहेर पडणार. शेजारच्या मुलीने सोडवली. टिटवीने निळा कुडता घातला होता, तुझा, बाही थोडी मोठी होते तिला.

आधी दोन मुलं बोलली. एकाचा काका सारखे हात धुतो, एकाची मैत्रीण लिफ्टमध्ये जात नाही. मग टिटवी. पडद्यावर मोठं "क". आवाज आधी बारीक, मग लागला. पाळणाघराचं आलं, सगळे हसले, मी मागे वळून बघितलं की हसताहेत ते चांगल्या मनाने ना. चांगल्या मनाने होतं. आजोबांची टेबलाची फेरी आली. तिने ती करून दाखवली गं! हॉलमधल्या मोठ्या टेबलाभोवती, भोंग्यासकट. बाबांचा भोंगा तिने कधी ऐकलेला नाही, तरी अगदी तसाच.

मी उभी राहायची तयारी ठेवली होती, पण वाईट शब्द येईना. ती म्हणत होती की बाई क कुणाला धरून ठेवत नाही, तिला फक्त समोरचा कुठे आहे ते कळायला हवं असतं. दुसरा चष्मा झाला, तिसरा झाला. तिसऱ्यात ती म्हणाली, "घरचं कुणी फोन उचलत नाही, तेव्हा बाई कच्या मनात सगळ्यात वाईट विचार आधी येतो, आणि माझ्या पोटात गोळा उठतो."

आणि थांबली.

हॉलमध्ये एक मुलगी खुदकन हसली. तुला समजलं का? "तिच्या पोटात" म्हणायचं होतं. पण जीभ घसरली.

मास्तरीणबाईंनी चष्मा काढला, खराखुरा चष्मा, आणि हळूच म्हणाल्या, "पहिल्या भागात तू काय शिकवलंस आम्हाला, जीभ घसरण्याबद्दल?"

टिटवी कान चोळायला लागली, लहानपणी करायची तसं. मग म्हणाली, "हो मॅडम. बाई क मीच."

खारे, ना मी, ना तू. ती! आपण दोघी इकडे भांडतो आहोत की बाई क कोण, आणि जी दिवसभर मला दुधाला जाताना फोन करते, जिच्या फोनवर तुझं घड्याळ आहे, ती माझ्यासमोर गॅलरीत पाठ करत होती. मला एकदाही सुचलं नाही. नेणीव कुणाकुणाची असते बघ.

पुढचं तिने कागद न बघता सांगितलं. म्हणाली, "मी माझ्या आईला म्हटलं होतं, मला हे विचारू नकोस. ती इतकी शहाणी, की तिने ऐकलं. तेव्हापासून मी सगळ्यांना विचारत सुटले आहे. आजीला, मैत्रिणींना, एकदा तर रिक्षावाल्याला. ज्या एका माणसाने मला विचारायला हवं आहे, ते सोडून."

एका मुलाने हात वर केला. "मग बाई कला बरं कसं करायचं?"

टिटवी म्हणाली, "मला माहीत नाही. पाचही चष्मे लावून बघितले, प्रत्येकातून थोडं दिसतं आणि थोडं राहतं. पण कुणी विचारलं तर ती उत्तर देईल, एवढं मला माहीत आहे."

मास्तरीणबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. मी उभी राहिले होते. कधी उभी राहिले ते मला कळलं नाही. काही बोलायचं होतं म्हणून नाही, नुसतीच. पिशवी पुन्हा फळीत.

येताना बसमध्ये ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून होती. मी म्हटलं, "आईला फोन कर." म्हणाली, "मीच म्हटलं होतं ना विचारू नकोस. आता मी कुठल्या तोंडाने?" मी म्हटलं, "याच तोंडाने, दुसरं कुठलं आहे तुझ्याकडे?" पण तिने केला नाही. तुझीच ना.

रविवारी सकाळी निघते. संध्याकाळी उजेड असतानाच तिथे उतरेल. मी तुला काय कर ते सांगत नाही. तू मोठी आहेस, लॅब चालवतेस, तुझ्या हाताखाली माणसं आहेत. मी फक्त तिची वेळ कळवते आहे.

आई


३० मार्च

माझ्या खारूताईला, गाल भरून पापा.

रविवारी टिटवीला बसमध्ये बसवलं आणि घरी आले. घर एवढं मोठं कधी झालं? मी तिचा टॉवेल धुतला, तोच, छपरावरचा, सूनबाईने परत आणून दिला होता. मग पुन्हा धुतला. दुपारी झोपले नाही. संध्याकाळी फोन मांडीवर घेऊन बसले आणि ठरवलं, मी विचारणार नाही. आज तो हक्क माझा नाही.

फोन वाजला. टिटवी. श्वास लागलेला, मागे कुठेतरी बॅगांची चाकं खडखडत होती.

"आजी! आईने विचारलं!"

"काय विचारलं?" मी म्हटलं, जसं काही मला माहीतच नाही.

"तेच गं! मी बसच्या पायरीवर होते, एक पाय खाली, आणि फोन. नुसतं, 'पोचलीस का?' नमस्कार नाही, कशी आहेस नाही."

"मग तू?"

"मी म्हटलं, पोचले. आणि मग आजी, मागे माणसं ओरडायला लागली, उतरा हो ताई, आणि मी पायरीवरच. दुसरं काही सुचेना, तर मीच विचारलं, 'आई, तू पोचलीस का?'"

"अगं, पण ती तर घरातच असणार. रविवार."

"तेच ना! मी पण जीभ चावली. मला वाटलं फोन कटला." इथे मी तिला पाणी पी म्हटलं, ती म्हणाली पाणी बॅगेत आहे. मग म्हणाली, "आजी, ती म्हणाली, 'नाही, अजून वाटेत आहे.'"

खारे, मी फोन ठेवला. सूनबाई चादर द्यायला वर आली, म्हणाली, "आजी, काय झालं, रडता का?" मी म्हटलं, "नेणीव." ती बिचारी कपाटात मलम शोधायला लागली.

सूनबाई, हे शेवटचं वाचलंस तरी चालेल, पण फोटो नीट काढ, कोपरा कापू नकोस.

आणि तू, घरात टेबल आहे ना? एक बूट घाल, एक फेरी मार, भोंगा वाजव, आणि ये.